फिशपाँड, ग्रीस आणि मी

सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. शाळेत मराठी थर्ड लँग्वेज, तीही 'स्कोअरिंग' म्हणून घेतलेली. त्यामुळे र्‍हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर मराठी विभागाच्या संपादकांना बोला, मला नको! इंग्लिश सेक्शनसाठी लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण जे सांगायचंय ते घडलं मराठीत, म्हणून मराठीतच लिहितेय.

आपल्या लेडीज होस्टेलमध्ये रात्री मेसनंतर ज्या चर्चा रंगतात, त्यात एक वाक्य हमखास येतं. "मी काही फेमिनिस्ट वगैरे नाही हं, पण..." आणि मग त्या 'पण'नंतर जे येतं ते शंभर टक्के फेमिनिस्ट असतं! पगार सारखा हवा, रात्री लायब्ररीत बसू द्यायला हवं, लग्नाचं मी ठरवीन. मग त्या शब्दाचीच एवढी अॅलर्जी का? मीसुद्धा हे वाक्य दोन वर्षं म्हणत होते. आणि माझ्या बाबतीत कारण अगदी साधं होतं. मला बायकांच्या बाजूने उभं राहायचंच नव्हतं. मला 'बायकांसारखी नसलेली' म्हणून ओळखलं जायचं होतं.

हे खूळ डोक्यात कुठून आलं याचा विचार केला तर सुरुवात चौथीत सापडते. शाळेच्या लायब्ररीत एनिड ब्लायटनची 'फेमस फाइव्ह' होती. त्यातली जॉर्ज आठवते? खरं नाव जॉर्जिना, पण केस कापून मुलांसारखी राहणारी, होडी वल्हवणारी. आणि दुसरी अॅन. ती घाबरायची, सँडविच बनवायची, अंथरुणं नीट घालायची. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना जॉर्ज व्हायचं होतं, अॅन व्हायला एकही तयार नाही. पुस्तकातल्या मुलींना धाडस करायचं असेल तर आधी मुलगा व्हावं लागतं, हे १९४२ साली सुरू झालेल्या त्या मालिकेतून आम्ही सत्तर वर्षांनंतरही निमूटपणे शिकत होतो.

मग टीव्हीवर शंभर वेळा पाहिलेला 'कुछ कुछ होता है'. १९९८चा. कॉलेजातली अंजली आखूड केसांची, बास्केटबॉलमध्ये राहुलला हरवणारी. तिच्याकडे तो 'दोस्त' म्हणून बघतो. पुढे तीच अंजली लांब केस आणि साडीत येते, बास्केटबॉल हरते आणि मग याला प्रेम होतं. करण जोहरने पुढे स्वतःच मान्य केलं की शबाना आझमींनी याबद्दल त्याला चांगलं सुनावलं होतं आणि त्याच्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. मी मात्र त्यातून वेगळाच धडा घेतला. आपण पहिल्या अर्ध्या भागातलीच अंजली राहायचं, साडीवाली कधीच व्हायचं नाही. म्हणजे दोनच खोके आहेत हे मी मान्य करून टाकलं होतं, फक्त खोका बदलून घेतला.

आता आमचं मेकॅनिकल! वर्गात चार मुली. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करताना पहिल्याच दिवशी एक जण म्हणाला, "मुलींना काय, तीस टक्के सीट राखीव." त्या दिवसापासून मी ठरवलं, यांच्यापेक्षा चांगली फाइल मारून दाखवायची. दाखवलीही. लेथवर कुणाची मदत घेतली नाही, हाताला फोड आले तरी बोलले नाही. सेकंड इयर संपेपर्यंत मुलं मला 'भाऊ' म्हणू लागली. आणि मग ते सर्टिफिकेट मिळालं, "यार, तू इतर मुलींसारखी नाहीस."

खरं सांगते, फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा झाला नसेल एवढा आनंद मला हे ऐकून झाला होता. टपरीवर त्यांच्यासोबत कटिंग पिताना सिव्हिल, आयटीच्या मुलींची जी टवाळी चालायची, त्यात मीही हसायचे. नुसती हसायचे नाही, भर घालायचे. त्या गटात राहायची फीच होती ती, आणि मी ती दर संध्याकाळी भरत होते.

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगची.

सोमवारी फिशपाँडची पेटी कँटीनबाहेर लागली. मी चिठ्ठी टाकली, आमच्याच होस्टेलमधल्या, आमच्याच मजल्यावरच्या सिव्हिलच्या एका मुलीच्या नावाने. ती रोज सकाळी लेक्चरला जायच्या आधी अर्धा तास मेकअप करते. मी लिहिलं होतं, "सिव्हिलची ही पोरगी प्लास्टरिंगचं प्रॅक्टिकल रोज सकाळी स्वतःच्या तोंडावर करते." टपरीवर आधी वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले.

बुधवारी ट्रॅडिशनल डे. मला साडी नेसता येत नाही. आईने पाठवलेली साडी घेऊन खोलीत घामाघूम होऊन उभी होते. मजल्यावर नऊवारी-सहावारी दोन्ही नीट नेसवता येणारी एकच मुलगी, तीच. सकाळी सहापासून तिच्या दारात रांग. माझा नंबर आला तेव्हा तिने माझी साडी बाजूला ठेवली. फिकट गुलाबी होती, 'सावळ्या रंगाला फिकटच बरं' या आमच्या घरच्या नियमाप्रमाणे. म्हणाली, "हा रंग तुला कुणी सांगितला गं? थांब." आणि स्वतःची हळदीच्या रंगाची साडी काढून मला नेसवली. निऱ्या अशा काढल्या की आमच्या मेट्रॉलॉजीच्या सरांनी टॉलरन्स पास केला असता. त्या दिवशी आरशात मला मी पहिल्यांदा आवडले. अगदी खरं.

आणि माझी चिठ्ठी पेटीत होती.

पेटीची किल्ली ज्याच्याकडे होती तो कमिटीतला मुलगा माझ्याच वर्गातला. "अरे, माझी ती चिठ्ठी काढून टाक" एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी म्हणाले नाही. म्हटलं असतं तर तो विचारणार, "काय भाऊ, सेंटी झालीस?"

शुक्रवारी संध्याकाळी भरलेल्या हॉलमध्ये फिशपाँड वाचले. आधी माझं नाव पुकारलं. "हिच्या हाताला ग्रीस लागलंय म्हणून विचारू नका राव, हा ओरिजिनल कलर आहे, उगाच ग्रीसला ठेवू नका नाव!" हॉल कोसळला. ज्यांच्यासोबत दोन वर्षं चहा प्यायला, त्यांच्याच रांगेतून सगळ्यात मोठी शिट्टी आली. मी स्टेजवर गेले, हसले, चिठ्ठी घेतली, खाली आले. खिलाडूवृत्ती! मग चार-पाच नावांनंतर तिचं. तीही हसली, तिनेही चिठ्ठी घेतली. पुढचे तीन-चार दिवस ती मेसमध्ये जेवायला आली नाही, रूममेट डबा वर नेत होती. नंतर आली तेव्हा चेहरा स्वच्छ धुतलेला. आठवडाभर तशीच यायची.

इथे कुणाला वाटेल, आता ही सांगणार की त्या मुलीच्या चेहऱ्यावर काही डाग होते, म्हणून ती बिचारी मेकअप करायची. नाही हो. तसलं काही नाही. तिला आवडतं म्हणून ती करते. आणि माझी चूक मोठी ठरायला तिच्याकडे दुःखद कारण असायला हवं, अशी काही अट नाही.

त्या रात्री मी माझी चिठ्ठी आणि तिची चिठ्ठी, दोन्ही डोक्यात शेजारी ठेवून बघितल्या. एकीत मुलगी स्वतःच्या चेहऱ्याला काही लावत नाही म्हणून हसं. दुसरीत लावते म्हणून हसं. मग मुलीने नेमकं करायचं काय? मी 'भाऊ' होऊन दोन वर्षं झिजले तरी चेष्टेची वेळ आली तेव्हा मी पुन्हा एक काळी मुलगीच होते. फी भरली होती, पण अॅडमिशन कधी झालंच नव्हतं.

रंगाचं म्हणाल तर ते काही आजचं नाही. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम १९७५ साली बाजारात आलं. त्यातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' यायला २०२० उजाडलं. म्हणजे माझ्या आजीच्या तरुणपणापासून माझ्या शाळेच्या दिवसांपर्यंत पंचेचाळीस वर्षं! मधे २००९ मध्ये चेन्नईतून 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू झाली, नंदिता दासने तिला साथ दिली. ट्यूबवरचं नाव बदललं, पण आमच्या आत्याच्या तोंडातलं "जरा उन्हात कमी फिर गं, स्थळं यायचीत पुढे" अजून बदललेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या लायब्ररीतल्या मराठी कपाटात (हो, आहे असं एक कपाट, झेरॉक्सच्या मागे!) मला ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' मिळालं. बुलढाण्याच्या या बाईंनी ते १८८२ साली लिहिलं. निमित्त होतं विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेच्या खटल्याचं. सगळीकडे बायकांच्या नावाने बोटं मोडणं चाललं होतं, तेव्हा ताराबाईंनी सरळ विचारलं की जे जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का? जुनी मराठी वाचताना माझी दमछाक झाली, पण एक कळलं. त्या 'मी इतर बायकांसारखी नाही' असं म्हणून सुटू शकल्या असत्या. लिहिता-वाचता येणाऱ्या, घोड्याच्या पाठीवरून फिरणाऱ्या बाईला तेव्हा ते सहज जमलं असतं. त्या ज्यांच्यावर बोट रोखलं होतं त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या.

आणि आपल्या धंद्यातलंच उदाहरण द्यायचं तर ए. ललिता. १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेल्या. अठराव्या वर्षी विधवा, पदरी लहान मुलगी. सगळ्या कॉलेजात मुलगी म्हणून त्या एकट्याच. होस्टेलवर त्यांना एकटं वाटू लागलं, तेव्हा तिथेच प्राध्यापक असलेल्या त्यांच्या वडिलांनी पुढाकार घेतला, कॉलेजने मुलींसाठी जाहिरात दिली आणि पी. के. त्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज सिव्हिलला आल्या. त्रेसिया पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. म्हणजे बघा, 'एकटी मुलगी' असण्याचा जो मान मला मिरवायचा होता, तो ललितांना नको होता. त्यांना मैत्रिणी हव्या होत्या.

२०२३चा 'बार्बी' आम्ही चौघी-पाच जणींनी एकाच लॅपटॉपवर पाहिला. मी नाक मुरडतच बसले होते, गुलाबी रंग म्हणून. याच बाहुलीच्या एका बोलक्या मॉडेलला १९९२ मध्ये 'गणिताचा तास अवघड असतो' अशा अर्थाचं वाक्य दिलं होतं आणि आरडाओरड झाल्यावर काढावं लागलं होतं. त्यामुळे माझा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण सिनेमा पाहताना वाटलं, राग त्या वाक्याचा असायला हवा होता. मी तो गुलाबी रंग आवडणाऱ्या मुलींवर काढत बसले.

आता स्वतःला स्वीकारणं वगैरे. मासिकांत लिहिलेलं असतं, आरशासमोर उभं राहून म्हणा, मी सुंदर आहे. मी म्हणून पाहिलं, हसू आलं. माझ्यापुरतं सांगते. मला लेथ आवडतो आणि ती हळदीची साडीही आवडली होती. यातलं एक खरं आणि दुसरं नाटक, असं नाही. आणि ती चिठ्ठी लिहिणारीही मीच. स्वतःला स्वीकारायचं तर हिलाही स्वीकारावं लागतं, नुसता सावळा रंग स्वीकारून भागत नाही.

फिशपाँड कमिटीला एक नम्र सूचना. फिशपाँड बंद करा असं मी म्हणत नाही, मजा मलाही हवी. फक्त दोन गोष्टी करा. रंग, जाडी, चेहरा, जात, गाव यांवरच्या चिठ्ठ्या आधीच बाजूला काढा. आणि चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याचं नाव सक्तीचं करा. अर्ध्या चिठ्ठ्या आपोआप कमी होतील, माझी पहिली!

हा लेख द्यायच्या आधी मी तिच्या खोलीत गेले आणि तिला वाचायला दिला. तिला तोपर्यंत माहीत नव्हतं. तिने शांतपणे सगळा वाचला, शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या. मग म्हणाली, "प्लास्टरिंग रोज करत नाहीत गं. एकदाच करतात, मग सात दिवस क्युरिंग. टेक्निकली चूक आहे तुझं." छापू का विचारलं तर म्हणाली, "छाप. माझं नाव नको." माफ केलं की नाही ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

यंदा ट्रॅडिशनल डेला मी तिच्याकडे सकाळी सहालाच जाणार आहे. निऱ्या काढायला शिकायच्यात. रांग मोठी असते, दोघी असलो तर लवकर उरकेल.

आणि हो, मी फेमिनिस्ट आहे. पुढे 'पण' नाही. बघा, पटतंय का!