धरणाचा काठ कोणाच्या बापाचा?

शनिवार आला की पवना धरणाच्या काठाला रंगीत तंबूंची रांग लागते. शेकोटी, बार्बेक्यू, गिटारवाला, सकाळी पोहे-चहा, समोर तुंग आणि तिकोना, मग इन्स्टावर फोटो. आमचा या मौजेवर राग नाही. आठवडाभर चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या कंपनीत राबणाऱ्या पोराने एक रात्र आभाळाखाली काढली तर त्यात वाईट काय? आपल्यातलेही कित्येक जण जातात. (३१ डिसेंबरची रात्र सोडून. त्या रात्री आपली गर्दी भीमा कोरेगावच्या रस्त्यावर असते.) आमचा प्रश्न तंबूखालच्या जमिनीचा आहे. ती कोणाची होती, कोणत्या कारणासाठी घेतली आणि आज तिचे भाडे कोणाच्या खिशात जाते?

ती जमीन ब्रिटिशांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणून घेतली गेली. धरण झाले, पिंपरी-चिंचवडच्या नळाला पाणी आले. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा मात्र १९७६ चा, म्हणजे पवनेची गावे उठवून झाल्यानंतरचा. शेकडो धरणग्रस्त कुटुंबांच्या पदरात पन्नास वर्षांनंतरही पर्यायी जमीन पडलेली नाही. याच मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तिघांचा जीव गेला. एवढी किंमत मोजून साठवलेल्या पाण्याकाठी आज 'लेक-व्ह्यू'चा वेगळा दर लागतो.

हे तरी जमीनवाल्यांचे झाले. जे 'खातेदार'च नव्हते त्यांचे काय? सरकारी दप्तरात धरणग्रस्त म्हणजे मुख्यतः ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. गाव बुडते तेव्हा महारवाडाही बुडतो, मांगवाडाही बुडतो, कातकऱ्याची झोपडीही बुडते. पण पाण्याखाली गेलेल्या वस्तीचे नाव मोबदल्याच्या यादीत शोधायला गेले की सापडते घराच्या भिंतीपुरती किंमत. महार वतनाच्या जमिनींची गोष्ट तर आपल्या घराघरात माहीत आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, आणि त्यातही सरकारजमा झालेली जमीन परत नावावर करून घ्यायला पैसे भरायचे होते. ज्याला ते भरता आले नाहीत तो पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा खातेदार राहिला नाही. मग त्यावर धरणाचे पाणी चढले तरी तो कागदावर धरणग्रस्त कसा ठरणार? धरणग्रस्तांच्या मोर्च्यातही हा प्रश्न मागच्या रांगेत असतो. हे आम्ही कटुतेने नाही, अनुभवाने म्हणतो.

आम्ही धरणविरोधी आहोत असा शिक्का कोणी मारू नये. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया घालण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा होता. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांबद्दल ते बोलले ते पाणी अडवून सिंचन, वीज आणि जलवाहतूक उभी करण्याबद्दल. पाणी ही सार्वजनिक संपत्ती आहे, हीच त्या धोरणाची भूमिका. आज ती संपत्ती सार्वजनिक राहिली आहे का, एवढेच आम्ही विचारतो.

इथे महाड आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह सर्वांना पाठ आहे, पण त्यानंतरचा खटला फार थोड्यांना. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले ठराव १९२३ चा. त्यानुसार महाड नगरपालिकेने तळे खुले केले. मग सवर्ण कोर्टात गेले. त्यांचा युक्तिवाद काय होता? अस्पृश्य अपवित्र आहेत असे सांगून भागणार नव्हते. तळे सार्वजनिक नाही, ती आमची खाजगी मालमत्ता आहे, असे ते म्हणाले. दहा वर्षे लढून १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. 'खाजगी' हा शब्द तेव्हाही हत्यार होता. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये लिहिले गेले की सरकारी पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरताना धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही अडवता येणार नाही.

कोणी म्हणेल, कॅम्पवाला जात कुठे विचारतो, तो तर पैसे मागतो. बरोबर. कलम १५(२) पैशाच्या फाटकाला थेट लागू होत नाही, हे आम्हालाही कळते. पण सरकारी हद्दीत तारेचे कुंपण घालून, 'प्रायव्हेट प्रॉपर्टी' अशी पाटी लावून, गुरे पाण्यावर नेणारी म्हातारी आणि गळ टाकून बसणारा कातकरी यांना हाकलण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळतो? फाटकाबाहेर राहणारे कोण आणि आतले कोण, हे एकदा मोजून बघा. जात न विचारताही उत्तर तेच येते.

आता तंबूच्या पुढची पायरी येते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरचे घर, त्यात पलंग, स्वयंपाकघर, संडास आणि गाड्या उभ्या करायला कॅराव्हॅन पार्क. त्याआधी २०१९ साली धरणालगतच्या जागा आणि विश्रामगृहे खाजगी भागीदारीतून पर्यटनासाठी देण्याचे जलसंपदा खात्याचे धोरण आले. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा, चित्र स्पष्ट दिसते.

आणि एक प्रश्न कोणी विचारत नाही. त्या गाडीतल्या संडासाची टाकी कोण रिकामी करणार? परदेशात यासाठी पार्कमध्ये मैला सोडण्याची वेगळी सोय असते, ती गटाराला किंवा सेप्टिक टाकीला जोडलेली असते. इथे काठावरच्या तंबूंच्या संडासांचे शोषखड्डेच धड नाहीत, आणि खालचे शहर तेच पाणी पिते. ते खड्डे उपसणारे हात कोणाचे असतात हे आपल्याला सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे. पार्कला परवानगी देणाऱ्या कागदात त्या कायद्याचा उल्लेख असलाच पाहिजे.

'अमेरिकेत बघा' हे तर ठरलेले. बघू या. तिथे लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेल्या अनेक जलाशयांवर सरकारी यंत्रणाच कॅम्पिंगची जागा चालवते, दर जाहीर असतो आणि काठ जनतेचा मानला जातो. एवढे घ्यायला हरकत नाही. पण त्याच अभियंता दलाने पेनसिल्व्हेनियात १९६५ मध्ये किंझुआ धरण पूर्ण केले तेव्हा सेनेका आदिवासींची सुमारे १०,००० एकर जमीन बुडवली, १७९४ चा तह मोडून. आज त्या अलेगेनी जलाशयाकाठी कॅम्पिंग चालते. काठ सरकारी राहिला म्हणून ज्याचे घर बुडाले त्याला न्याय मिळाला, असे होत नाही.

मग करायचे काय? तंबू उखडायचे? मुळीच नाही. अनेक तंबू धरणग्रस्तांच्याच पोरांचे आहेत. अतिक्रमण हटवायची मोहीम निघाली की जेसीबी आधी त्यांच्यावर जातो आणि बंगलेवाल्याला नोटीस मिळते. आमची मागणी साधी आहे आणि तिचे तत्त्व सरकारच्याच नियमात आहे. धरणाचे पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन दरवर्षी कसायला देतात. त्यात पहिला हक्क धरणग्रस्तांचा, त्यानंतर स्थानिक भूमिहीन आणि मागासवर्गीयांचा विचार होतो. गाळपेरीला जो क्रम लागतो तोच तंबूला, बोटीला आणि कॅराव्हॅन पार्कला लावा. काठाचा परवाना आधी धरणग्रस्तांच्या, भूमिहीन दलितांच्या, कातकरी-ठाकरांच्या सहकारी संस्थांना द्या. आणि पाण्यापर्यंत जाणारी वाट सर्वांना फुकट, कुंपणाशिवाय. पायी येणाऱ्याला आणि डबा घेऊन एसटीने येणाऱ्यालाही.

साथींनो, पुढच्या वेळी कॅम्पला गेलात तर फोटोसोबत गट नंबरही टिपून आणा. मग जलसंपदा विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका: हा गट संपादित हद्दीत आहे का, असेल तर कोणाला, किती वर्षांसाठी, किती भाड्याने दिला, आणि गेल्या पाच वर्षांत या धरणाच्या गाळपेर जमिनीचे वाटप कोणाला झाले. पवना, भंडारदरा, कोयना, पानशेत, प्रत्येक धरणासाठी वेगळा अर्ज. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर तीही नाही.

जयभीम.