पानगळीचे गुण

मराठीच्या प्राध्यापकांना पानगळ दोन ठिकाणी भेटते. एकदा कवितेच्या तासाला, आणि एकदा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात. झाडाखाली ती क्वचितच भेटते, कारण झाडाखाली जाऊन उभे राहायला आम्हांला सवड नसते. वीस वर्षे मी भिंगारहून नगरला कॉलेजात जाते आहे. (गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण आम्हां जुन्या माणसांच्या तोंडून 'नगर' लवकर जायचे नाही.) ह्या वीस वर्षांत मी मुलांना सांगत आले, की पानगळ म्हणजे विरह, पानगळ म्हणजे वार्धक्य, पानगळ म्हणजे जीवनाची संध्याकाळ. मुलेही इमानेइतबारे तेच लिहीत आली आणि मी त्यांना दहापैकी सात गुण देत आले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी झालेल्या परीक्षेत एका मुलाने ह्या देवघेवीत खंड पाडला.

निबंधाचा विषय अर्थातच 'पानगळ'. ह्या मुलाने कसेबसे एक पान लिहिले होते. पाणी कमी झाले की झाड पाने टाकते. आमच्या विहिरीचे पाणी आटले की आम्ही एक जनावर विकतो. झाड रडत नाही, आम्हीही रडत नाही. पाऊस पडला की पुढचे बघू. असा एकूण मजकूर. ना उपमा, ना उत्प्रेक्षा. मी लाल शाईने शेरा मारला, 'भावनेचा अभाव', आणि दहापैकी तीन गुण देऊन पुढची उत्तरपत्रिका ओढली.

ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण माघात माझ्या धाकट्या भावाचा वेल्समधून फोन आला. तिकडे तो एका इस्पितळात डॉक्टर आहे. त्याच्या घरामागे टेकडीच्या कुशीत दोन-चार एकरांचे लहानसे रान आहे आणि रविवारी मुलांना घेऊन तो तिथे जातो. ओक, ॲश, हेझल अशी झाडे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे आपण इकडे आकाशकंदील लावतो तेव्हा, त्या रानाची पाने पिवळी पडून गळतात. मग वसंतात वर पानांचे छत दाट होण्याच्या आत, ऊन जमिनीपर्यंत पोचते आहे तोवरच, खालची ब्लूबेलची झाडे घाईघाईने फुलून घेतात आणि सगळी जमीन निळी होते. त्या देशात सन १६०० पासून जिथे झाडी अखंड टिकली आहे, त्या रानाला 'प्राचीन' म्हणून मान देतात.

"सोळाशे?" मी म्हटले, "त्याच साली चांदबिबी मारली गेली आणि आपला किल्ला मोगलांनी घेतला. आपल्याकडे त्या सालचे दगडच उरले आहेत रे, झाडे कुठली!"

भावाने विचारले, "बरं ताई, आपल्याकडची पानगळ कधी असते?"

"शिशिरात. माघ-फाल्गुनात."

"म्हणजे आत्ताच की! कशी दिसते गं?"

आता काय सांगणार? वीस वर्षे शिकवलेली पानगळ कशी दिसते, हे मला ठाऊक नव्हते. गच्चीवर जाऊन पाहिले तर समोर शाह डोंगर आणि त्यावरची ती तीन मजली वास्तू. सारे गाव तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणते. खरे तर ती निजामशाहीतला मंत्री दुसरा सलाबतखान ह्याची कबर. उघड्या डोळ्यांनी रोज पाहूनही आपण एखाद्या गोष्टीला किती वर्षे भलतेच नाव देत राहतो, हा विचार त्या वेळी मनात आला खरा.

दुसऱ्या दिवशी वर्गात सहज विचारले, की जवळपास पानगळ पाहण्याजोगे रान कुठे आहे? मागच्या बाकावरून उत्तर आले, "डोंगरगणला चला, मॅडम. आमच्या गावापासून जवळच आहे." पाहते तो तीन गुणवाला!

फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही दोघे नवरा-बायको स्कूटरवरून निघालो. नगरच्या उत्तरेला वांबोरीच्या रस्त्याने पंधरा-अठरा किलोमीटरवर डोंगरगण आहे. डोंगराच्या घळीत महादेवाचे देऊळ, पाण्याचे कुंड आणि सीतेची न्हाणी. वनवासात राम-सीता इथे राहिली, अशी गावाची श्रद्धा. श्रावणात इथे जत्रेसारखी गर्दी असते. इंग्रज अमदानीत भिंगारच्या छावणीतले साहेबलोक इथल्या गारव्याला येत, आणि त्यांनी ह्या घळीचे नाव ठेवले 'हॅपी व्हॅली'. श्रावणात आम्हीही येऊन गेलो होतो. फाल्गुनात मात्र कधीच नाही. फाल्गुनात काय आहे पाहण्यासारखे?

तो मुलगा रस्त्यावर वाट पाहत उभा होता. घळीत उतरलो. तळाशी, ओलाव्याला, वड-उंबर-चिंचेची सावली होती. पण दहा-वीस पावले चढावर गेलो आणि रान बदलले. सगळ्या काड्या. सीताफळीच्या काड्या, बोरीच्या काड्या, पळसाला पान नाही. पायाखाली पाचोळा पापडासारखा मोडत होता. "मेलं की रे सगळं!" असे माझ्या तोंडून निघून गेले.

तो काही बोलला नाही. खाली वाकून त्याने सीताफळीच्या एका काडीची साल नखाने थोडी खरवडली. आत हिरवेगार!

"जित्तं आहे, मॅडम. खर्च कमी केलाय त्यानं."

पुढे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले तेव्हा कळले, की त्याच्या ह्या एका वाक्यात सगळे शास्त्र आले होते. पान म्हणजे झाडाचा सर्वांत खर्चिक भाग. पानाच्या बारीक छिद्रांतून पाण्याची वाफ सारखी बाहेर पडत असते. वेल्समधले झाड पाने टाकते ते थंडीला आणि अपुऱ्या उन्हाला भिऊन. आपले झाड टाकते ते कोरडीला भिऊन. आमच्या नगरला वर्षाचा पाऊस सरासरीने बावीस-तेवीस इंच, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाने संसार करायचा कसा? पण हा संसारी माणूस पान तसेच फेकत नाही. आधी त्यातले नत्र, स्फुरद असा जो काही ऐवज असेल तो काढून खोडात नेतो, मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा तयार करतो, आणि मगच पान सुटते. जखम उघडी राहत नाही.

आणि मौज अशी, की नवी पालवी पावसाची वाट पाहत बसत नाही. विश्वास बसत नसेल तर पाडवा आठवा. गुढीपुढे आपण लिंबाची कोवळी पाने चावून तोंड वाकडे करतो. मृगाला अजून दोन महिने असतात, आडात पाणी तळाला गेलेले असते. मग ती तांबूस पालवी येते कोठून? झाडाने खोडात राखलेल्या आणि मुळांनी खोलवरून ओढलेल्या पाण्यावर. तोंड कडू झाले तरी एवढे मनात यायला हरकत नव्हती. वीस पाडवे मी नुसतीच चावत आले!

परत फिरताना वाटेत एक पळस दिसला. पान एक नाही, पण फांदी न् फांदी फुलांनी केशरी. पाखरांना फुले लांबून दिसावीत, मधे पानांचा पडदा नसावा, ही त्यातली सोय. आमच्या ह्यांनी विचारले, की शेळ्या आणि कुऱ्हाडी ह्यांतून एवढे रान वाचते कसे? मुलगा म्हणाला, "देवाच्या नावानं थोडं, वनखात्यानं थोडं. पण खरं म्हणजे गावानं ठरवलं तरच." ते खरे आहे. आमच्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. तिथल्या उघड्या टेकड्या पुन्हा झाडीने झाकल्या आणि विहिरींना पाणी आले.

घळीच्या तोंडाशी त्याचा निरोप घेताना मी धीर करून विचारले, "निबंधात लिहिलं होतंस ते... जनावराचं?"

"गाय होती, मॅडम. दुभती. मागच्या उन्हाळ्यात विकली. माझी फी त्यातूनच भरली."

मी त्याच्या उत्तरपत्रिकेवर 'भावनेचा अभाव' असे लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी गुण वाढवता येतात का म्हणून चौकशी केली. निकाल केव्हाच लागून गेला होता. आता काही होण्यासारखे नव्हते. त्याला बोलावून तसे सांगितले, माझी चूक झाली हेही सांगितले. तो संकोचला. म्हणाला, "असू द्या, मॅडम. पास झालो होतो की." ह्या वर्षी तो निबंधाचा विषय मी बदललेला नाही. फक्त त्याआधी वर्गाला एकदा डोंगरगणला नेणार आहे, तेही फाल्गुनात.

परवा, फराळाच्या गडबडीत, दारात हाक आली. पिशवीत डझनभर सीताफळे घेऊन तो उभा. ज्या काड्यांना मी मेल्या म्हटले होते, त्यांनाच लागलेली. डोळे उघडलेली, हात लावताच फुटतील अशी. बसवून चिवडा-लाडू दिले. निघताना न राहवून मी विचारले, "गाय घेतलीत का रे परत?"

"अजून नाही, मॅडम," तो चपला घालता घालता म्हणाला, "पण विहिरीला पाणी आहे अवंदा. बघू."