एका पक्ष्याचे बारसे

मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी पाळणा सजतो, आत्याबाई कानात 'कुर्रर्र' करतात आणि नाव ठेवून मोकळ्या होतात. पक्ष्याचे बारसे इतके सोपे नसते. शास्त्राच्या दरबारी नव्या जातीचे नाव लावायचे तर पुरावा लागतो, आणि हा पुरावा पिढ्यान्‌पिढ्या एकाच रूपात दिला जात आला : मेलेला पक्षी. बार काढायचा, पाखरू सोलायचे, आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि खणात निजवून ठेवायचे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटांत असे हजारो पक्षी निजलेले आहेत. त्यांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. पक्ष्यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले पुष्कळसे त्या खणांनीच शिकवले. खुद्द सालिम अलींचे पक्षिवेड सुरू झाले ते लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून. ती ओळखून घ्यायला म्हणूनच ते या सोसायटीची पायरी प्रथम चढले.

पण समजा, ज्या पक्ष्याचे बारसे करायचे आहे त्याचे सगळ्या जगात मिळून चौदाच भाईबंद आजवर दिसले आहेत. मग बार काढायचा की नाही?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अरुणाचल प्रदेशात, पश्चिम कामेंग जिल्ह्यात, ईगलनेस्ट नावाचे अभयारण्य आहे. नाव इंग्रजी कसे, असे कोणी विचारील, म्हणून सांगतो : तिकडे तळ देऊन राहिलेल्या आपल्या सैन्याच्या 'रेड ईगल' डिव्हिजनवरून ते पडले. तिथे १९९५ च्या जानेवारीत रमण अत्रेय यांना झुडपात एक अनोळखी जोडी ओझरती दिसली. हे गृहस्थ व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ, पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत प्राध्यापक झाले. दूरच्या आकाशगंगांत डोके घालणाऱ्या माणसाने जमिनीवरच्या झुडपात नवा तारा पाहावा, ही मोठी गंमत! पण पुस्तके धुंडाळूनही या पाखराचा पत्ता लागेना, आणि पाखरूही पुन्हा दर्शन देईना. दहा वर्षे गेली. २००५ च्या जानेवारीत ते पुन्हा दिसले.

पक्षी बुलबुलाहून किंचित मोठा, बावीस सेंटिमीटरांचा. अंग शेवाळी करडे, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे नारिंगी-पिवळा ठिपका, आणि पंखांवर कुणी हळदकुंकवाची बोटे पुसावीत तसे पिवळे आणि लाल पट्टे. आपल्या परसात कलकलाट करणारे सातभाई याचे लांबचे आप्त लागतात, यावर मात्र विश्वास बसत नाही, कारण याचा आवाज बासरीसारखा गोड आहे. जवळचा नातेवाईक पाहायला गेलो तर तो थेट चीनमधल्या सिचुआनच्या डोंगरांत, हजार किलोमीटरांपलीकडे! याचे स्वतःचे घर दोन हजार मीटरांवरच्या उतारावरचे, झुडपे, बांबू आणि लहान झाडे यांच्या दाटीतले. तेही जेमतेम काही डोंगरांपुरते.

हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवत असता माझा भाचा म्हणाला, "मामा, चौदाच? रानात पाखरे मोजली कशी?" प्रश्न रास्त होता. चौदा दिसले म्हणजे चौदाच आहेत असे नव्हे. जगात मिळून प्रौढ पक्षी अडीचशेंहून कमी असावेत, असा निसर्गरक्षणाच्या जागतिक संघाचा अंदाज आहे, आणि त्याने या जातीला नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरच्या यादीत बसवले आहे. अडीचशे माणसे तर आमच्या एका चाळीत निघतील!

तर मे २००६ मध्ये अत्रेय यांनी झिरझिरीत जाळे लावून पक्षी धरला. मापे घेतली, छायाचित्रे काढली, काही पिसे ठेवून घेतली आणि पक्षी सोडून दिला. पिसे, चित्रे, टिपणे आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण एवढ्याच पुराव्यावर त्याच वर्षी नवी जात जाहीर झाली. भारतात पन्नासहून अधिक वर्षांनी नवा पक्षी सापडला होता. विजयचिन्ह म्हणून कापूस भरलेला एक पक्षी मिरवण्याचा मोह किती मोठा असेल, याचा विचार करा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोमालियात १९८८ मध्ये सापडलेला एक पक्षी असाच जिवंत सोडून १९९१ मध्ये नव्या जातीच्या नावाने नोंदवला गेला, आणि २००८ मध्ये कळले की तो जुन्याच एका जातीचा निराळ्या रंगाचा पक्षी होता. कपाटवाल्यांचा आग्रह अगदीच वेडगळ नाही म्हणायचा. पण मला विचाराल तर चूक झाली तर पुस्तक दुरुस्त करता येते, मोडलेली जोडी दुरुस्त करता येत नाही. आपला पक्षी मात्र जगाच्या याद्यांत स्वतंत्र जात म्हणून टिकून आहे.

आता नावाकडे येऊ. गोऱ्या साहेबांनी मडमांची नावे पक्ष्यांना दिली. एका फेझंटला मिसेस ह्यूमचे, एका शिंजिराला मिसेस गूल्डचे. (हे ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही आमच्या नावाने कधी चिवड्याचा डबासुद्धा उघडला नाहीत." असो.) अत्रेय यांनी नाव दिले 'लिओसिक्ला बुगुनोरम', म्हणजे बुगुनांचा लिओसिक्ला. बुगुन ही तिथली लहानशी जमात. अभयारण्याच्या वेशीबाहेरचे, पक्षी जिथे राहतो ते रान या लोकांचे. त्यांच्याच नावाने पाळणा हलवला, हा मान मला मोठा हुशारीचा वाटतो. कारण नाव आले की नाते आले, आणि नात्याबरोबर जबाबदारी.

ती त्यांनी घेतली. पूर्वी या डोंगरांतून इमारती लाकूड बेसुमार जात असे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येकडील तोडीला लगाम घातला, पण लगाम घातला म्हणजे पोटाची सोय झाली असे नव्हे. ती सोय काही अंशी पाखरांनी केली. पक्षी पाहायला येणाऱ्यांना वाट दाखवणे, रांधून घालणे, मुक्कामाची व्यवस्था करणे, ही कामे गावकऱ्यांना मिळू लागली. २०१७ मध्ये सिंगचुंग गावच्या बुगुनांनी आपले सतरा चौरस किलोमीटर रान सामूहिक राखीव म्हणून बाजूला काढले. गावातलीच तरुण मुले तिथे गस्त घालतात.

गस्तीने कुऱ्हाड अडते, ऊन कसे अडावे? ईगलनेस्टच्याच रानात पक्ष्यांच्या पायांत कडी घालून २०११ पासून त्यांचा हिशेब ठेवला जातो. हवा तापते तसे झुडपांतले पुष्कळ पक्षी वर सरकत आहेत, आणि तोड झालेल्या रानात त्यांचे हाल अधिक, असे त्यातून दिसते. आपल्या पाहुण्याला वर सरकायला जागा किती उरली, हे त्या डोंगराचा माथाच जाणे.

कोणी तिकडे निघालाच असाल तर लामा कँप नावाच्या मुक्कामापाशी तो दिसतो. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला मात्र बोलावू नका. बिचारा शत्रू आला समजून पिलांना सोडून धावत येतो. गावच्या पोराला बरोबर घ्या. कोणत्या झुडपापाशी किती वेळ गप्प बसायचे, ते त्याला ठाऊक असते.