गृहारोग्य : व्यायामाचें यंत्र घेण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका भगिनीचें पत्र आम्हांस आलें. घर तीन खोल्यांचें, माणसें पांच: सासूबाई, मामंजी, यजमान, कॉलेजांत शिकणारा मुलगा आणि स्वतः त्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात. यजमान दिवसभर खुर्चीवर बसून काम करतात. फिरावयास जाण्यासारखा रस्ता जवळ नाहीं. म्हणून घरांत मावेल असें लहान 'एलिप्टिकल' यंत्र घेण्याचें ठरलें आहे; तें कोणतें घ्यावें, असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न पुष्कळ घरांचा आहे, म्हणून उत्तर येथेंच देतों.

हें यंत्र फार जुनें नव्हे. अमेरिकेंतील प्रीकॉर कंपनीनें तें १९९५ सालीं बाजारांत आणलें. त्यांतील पायपट्टीचें एक टोंक चाकाबरोबर वर्तुळांत फिरतें व दुसरें पुढेंमागें सरकतें. ह्या दोन गती एकत्र आल्या कीं पाऊल लंबवर्तुळांत फिरतें, आणि त्यावरूनच यंत्राला हें नांव पडलें. धांवतांना पाऊल जमिनीवर आदळतें. येथें तें पट्टीवरून उठतच नाहीं, म्हणून गुडघ्याला दणका बसत नाहीं. सूर्यनमस्कारास सतरंजीपलीकडे कांहीं लागत नाहीं हें खरें. पण ज्यांस खालीं वांकवत नाहीं त्यांचाही विचार घरानें करावयास हवा.

दुकानांत प्रथम विचारावें तें पावलाच्या अंतराविषयीं. मोठ्या यंत्रांत पट्टी पुढून मागें सुमारें ४५ ते ५० सेंटिमीटर जाते; लहानांत पुष्कळदां ३० ते ३५ सेंटिमीटरच. पांच फूट उंचीच्या बाईस तेवढें पुरतें. उंच मुलास मात्र पाऊल आंखडून टाकावें लागतें. दुसरी गोष्ट फ्लायव्हीलची. हें फिरतें चाक जड असेल तर चाल एकसारखी राहते. हलकें असेल तर प्रत्येक फेरींत हिसका बसतो, आणि त्याचा जाच दुखऱ्या गुडघ्यालाच होतो. पत्रकांतील आंकड्यावर विसंबूं नये. दुकानांत दहा मिनिटें चालवूनच पाहावें. तिसरी गोष्ट, पायाला होणारा विरोध लोहचुंबकाचा असावा. फिरत्या धातूच्या चकतीजवळ चुंबक आणला कीं चकतींत विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन तिची गति अडते. कांहींच घासत नाहीं, म्हणून आवाज व झीज दोन्ही कमी. खालच्या मजल्यावरही बिऱ्हाड आहे, हें विसरूं नये. घरांतील सर्वांत जड माणसाचें वजन यंत्राच्या मर्यादेच्या बरेंच आंत असावें. टेबलाखालीं ठेवून बसल्या बसल्या पाय हलविण्याचें जें छोटें यंत्र मिळतें, तें निराळें. मामंजींना तें सोयीचें होईल. पण त्यानें श्वास फारसा वाढत नाहीं, तेव्हां दोहोंची गल्लत करूं नये.

मग घर मोजावें. मुलगा ५ फूट १० इंच, म्हणजे सुमारें १७८ सेंटिमीटर. पट्टी वर येते तेव्हां तो ४० सेंटिमीटर उचलला जाईल असें धरलें, व डोक्यावर १५ मोकळे सोडले, तर २३३ झाले. पंख्याचीं पातीं बहुधा २४० च्या आसपास फिरतात, आणि माळा तर त्याहून खालीं असतो; ह्या दोहोंखालीं यंत्र ठेवूं नये. पत्रकांतील लांबीरुंदी जमिनीवर खडूनें आंखावी आणि आठ दिवस तो चौकोन रिकामा राहतो का तें पाहावें. जो चौकोन आठ दिवस रिकामा राहत नाहीं, तेथें यंत्र राहिलें तरी त्यावर व्यायाम होणार नाहीं.

आतां पत्रांतील एका गोष्टीकडे वळतों. बाईंनीं घरांतील सर्वांच्या उंच्या व वजनें लिहिलीं आहेत. स्वतःचीं मात्र लिहिलेलीं नाहींत. आणि शेवटच्या ओळींत सहज लिहिलें आहे कीं, रक्तांतील साखर वाढल्यामुळें डॉक्टरांनीं रोज अर्धा तास व्यायाम करण्यास बजावलें आहे तें त्यांनाच! पूर्वीं आणलेल्या व्यायामाच्या सायकलीवर हल्लीं टॉवेल वाळतात, असेंही त्या लिहितात. आमच्या मतें सायकल वाईट नव्हती. तिच्यासाठीं घरानें वेळ नेमली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, म्हणजे पांच दिवस अर्धा तास. मध्यम म्हणजे बोलतां येतें, पण गातां येत नाहीं, इतकी धाप. पडद्यावरील कॅलरींचा आंकडा अंदाजाचाच असतो. शिवाय आठवड्यांतून दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही तींत सांगितला आहे. तो ह्या यंत्रावर पुरेसा होत नाहीं.

हा अर्धा तास बाईंना मिळावयाचा कसा? सकाळीं सहा ते साडेसहा यंत्र सुनेचें. त्या वेळांत चहा, डबा, दाराची घंटा ह्यांसाठीं तिला हांक मारावयाची नाहीं, असा नियम घरानें करावा. चहा ज्याला हवा त्यानें करून घ्यावा. आणि हा नियम सासूबाईंनीं घालावा अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे. सुनेनें मागून घेतलेली सवड चार दिवस टिकते. वडीलधाऱ्यांनीं आपण होऊन दिलेली घराची रीत होते.

ज्याला गरज अधिक, त्याच्या मापाचें यंत्र घ्यावें. मुलाला मोकळें मैदान आहे. दुकानांत पट्टीवर प्रथम उभें राहावयाचें तें बाईंनीं, आणि मागाहून, डॉक्टरांस विचारून व दांडी धरून, सासूबाईंनीं. तेव्हां भगिनीनें उलट टपालीं स्वतःची उंची व वजन तेवढें कळवावें. यंत्राच्या मापाविषयीं पुढचें आम्ही मग लिहूं.