'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे

मंडळी, आज थोडं इंग्रजीबद्दल. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर. मग 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे कसं? आपल्या धाराशिवकडच्या मराठी माध्यमाच्या पोरांना असल्या जोडक्रियापदांची भारी धास्ती. यादी पाठ करायची, पेपरात लिहायची, विसरून जायची!

अर्थ कुठून आला ते सांगितलं तर घोकावं लागत नाही. 'गिव्ह अप'चा जुना अर्थ हवाली करणे. नळदुर्गासारखा किल्ला डोळ्यांपुढे आणा. किल्लेदाराचा टिकाव लागेना, त्याने किल्ला शत्रूच्या हवाली केला, की झालं 'गिव्ह अप'. तसंच मग तंबाखू सोडणं, नोकरी सोडणं, आशा सोडणं.

परक्यांना ही क्रियापदं फार जड जातात, असं डॉ. जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय. पण आपल्याला ती इतकी परकी नाहीत. 'रागात बोलून गेला' यात कोणी कुठे जात नाही. 'खाऊन टाक' म्हटलं म्हणून पोर भाकरी टाकत नाही. आणि 'सोडून देणे' यातही 'देणे' आहेच की!

म्हणून माझं मत असं, की इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर उभं करू नये. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, पण भीती काही गेली नाही. त्या भीतीपायी पोरं आधी इंग्रजी सोडतात, मग शाळा. हुशार पोरांचं असं 'गिव्ह अप' होऊ नये, एवढंच. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.