चार मीनारांची भीती

गेल्या महिन्यात एका वलीम्याला माझ्या शेजारी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा बसला होता. मोबाइलवर काहीतरी दाखवत तो म्हणाला, "चाचा, स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी मतदान करून मीनारांवर बंदी घातली, हे खरं आहे? मग लोकशाही म्हणजे ज्यांची संख्या जास्त त्यांचंच खरं, असंच ना? सगळा युरोप आपल्या विरोधात आहे." जेवणाच्या गडबडीत मी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

गोष्ट खरी आहे. 29 नोव्हेंबर 2009 रोजी स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झाले आणि 57.5 टक्के मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. नवे मीनार बांधण्यास मनाई करणारे वाक्य थेट राज्यघटनेत गेले. त्या वेळी देशभर मीनार होते फक्त चार, आणि त्यांतल्या एकावरूनही अजान दिली जात नव्हती. मुसलमानांची संख्या सुमारे चार लाख, म्हणजे शंभरात पाच. त्यांतले बहुतेक बोस्निया, कोसोवो, तुर्कस्तान अशा भागांतून आलेले. त्यांच्या बऱ्याच मशिदी म्हणजे जुन्या कारखान्यांतल्या आणि गोदामांतल्या साध्या खोल्या. वादाची एक ठिणगी पडली ती वांगेन नावाच्या छोट्या गावात. तिथल्या तुर्की मंडळाने आपल्या इमारतीवर जेमतेम सहा मीटर उंचीचा मीनार उभारण्याची परवानगी मागितली होती.

सहा मीटरच्या मीनाराला एवढा देश का घाबरला? इथेच ज्याला पॉप्युलिझम किंवा लोकरंजनवाद म्हणतात, त्याची रीत समजून घ्यावी लागते. लोकांना आवडेल ते बोलणे, एवढाच त्याचा अर्थ नाही. 'खरे लोक कोण, हे आम्हीच ठरवणार, आणि त्यांच्या वतीने बोलणारेही आम्हीच' हा त्याचा खरा दावा. मग सरकार, न्यायालये, तज्ज्ञ यांना 'जनतेपासून तुटलेले बडे लोक' म्हणायचे आणि एखाद्या अल्पसंख्य समाजाला 'बाहेरचे'. स्वित्झर्लंडमध्ये सरकारने आणि संसदेने बंदीला विरोध करा, असे सांगितले होते. कॅथलिक बिशप, प्रोटेस्टंट चर्च आणि ज्यू संघटनाही बंदीच्या विरोधात होत्या. बंदीवाल्यांच्या पोस्टरवर मात्र देशाच्या झेंड्यातून क्षेपणास्त्रांसारखे मीनार वर आलेले दिसत आणि पुढे काळ्या नकाबातली एक बाई. गोदामात नमाज पढणारा बोस्नियन कामगार त्या चित्रात कुठेच नव्हता. लोकांनी मत दिले ते चित्राला.

आता त्याच निकालाची दुसरी बाजू पाहा. बंदीच्या बाजूने सर्वात जास्त, 71 टक्क्यांहून अधिक मते पडली ती अॅपेनझेल इनररोडेन या डोंगराळ, छोट्या प्रांतात. तिथे एकही मीनार नव्हता. जिनिव्हात मात्र 1978 पासून मशीद आणि मीनार उभे आहेत, आणि तिथल्या सुमारे 60 टक्के मतदारांनी बंदीला नकार दिला. एवढ्यावरून सगळा सिद्धान्त मांडता येणार नाही, कारण शहर आणि खेडे यांत इतरही फरक असतात. तरी ज्यांच्या रोजच्या वाटेवर मीनार होता, ते त्याला घाबरले नाहीत, हे विसरून चालणार नाही.

पुढे फेब्रुवारी 2017 मध्ये आणखी एक सार्वमत झाले. ज्यांचे आजी-आजोबा परदेशातून आले, अशा तिसऱ्या पिढीला नागरिकत्व मिळवणे सोपे करावे का, हा प्रश्न होता. विरोधकांनी पुन्हा बुरख्यातल्या बाईचे पोस्टर काढले. गंमत अशी की, या तरतुदीचा लाभ मिळणाऱ्यांत सर्वात मोठा गट होता इटालियन वंशाच्या तरुणांचा. या वेळी 60.4 टक्के लोकांनी 'हो' म्हटले. देश तोच, पद्धत तीच आणि पोस्टरही जवळपास तेच. पण लोकांनी चित्राऐवजी आपल्याच शाळेत शिकलेली, आपलीच भाषा बोलणारी मुले पाहिली असावीत. अर्थात, म्हणून सगळे सुरळीत झाले असे नाही. 2021 मध्ये चेहरा झाकण्यावरील बंदी 51.2 टक्के मतांनी मंजूर झाली. घटनेतली मीनारबंदीही अजून कायम आहे. अन्यायाला अन्यायच म्हटले पाहिजे. मूठभर लोकांचा हक्क बहुमताने काढून घ्यावा, हा लोकशाहीचा गैरवापरच आहे.

पण त्या मुलाचे एक वाक्य मला अजून टोचते: "सगळा युरोप आपल्या विरोधात आहे." बाळा, हेही एक पोस्टरच झाले की! 2009 मध्ये विरोधात मत देणारे 42.5 टक्के लोक तू त्यातून पुसून टाकलेस. निकालानंतर लोझानजवळच्या एका गावात एका दुकानदाराने निषेध म्हणून आपल्याच इमारतीच्या धुराड्याला मीनाराचा आकार दिला. तो मुसलमान नव्हता. त्यालाही तू 'ते' म्हणून एका पिशवीत टाकलेस. आपल्याला कोणी असे एका पिशवीत टाकले की किती लागते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? सूरह हुजुरातमध्ये कौमा आणि कबिल्यांचा हेतू परस्परांची ओळख हाच सांगितला आहे. ती ओळख दोन्ही बाजूंनी करून घ्यायची असते.

म्हणून घराघरातल्या अम्मी-अब्बांना माझी विनंती आहे. मुले मोबाइलवरची अशी बातमी घेऊन आली, तर 'जाऊ दे' म्हणून विषय टाळू नका. त्यांना विचारा, किती लोकांनी मत दिले? विरोधात कोण होते? पुढे काय झाले? राग येणे चुकीचे नाही. पण तो पूर्ण बातमी वाचून यावा. तो मुलगा पुढच्या महिन्यात त्याच्या खालांकडे भेटेल, तेव्हा मी त्याला जिनिव्हापासून सुरुवात करून सांगणार आहे.