बॅटरी आहे का खिशात?

तुमच्या ऑफिसच्या बॅगेत आत्ता काय काय असेल, सांगू? लॅपटॉप, चार्जर, इअरफोन्स, पॉवर बँक, डिओची छोटी बाटली आणि कधीकाळी घेतलेल्या च्युइंगमचा शेवटचा तुकडा. टॉर्च? छे! 'फोनमध्ये आहे की' असं तुम्ही म्हणणार. करेक्ट. पुण्या-मुंबईत फोनचा टॉर्च पुरतो. लिफ्ट बंद पडली, स्कूटीची किल्ली पार्किंगमध्ये पडली, की फोन काढायचा आणि काम भागवायचं. पण कोल्हापूरहून निघून पुण्यावरून जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस जिथे जाऊन संपते, त्या गोंदियाकडचे तुम्ही असाल, किंवा बँकेने, महावितरणने, आरोग्य खात्याने तुमचं पहिलंवहिलं पोस्टिंग तिकडे काढलं असेल, तर या आठवड्याचा कॉलम खास तुमच्यासाठी.

आधी एक गंमत. तिकडे खेड्यात टॉर्चला टॉर्च फारसं कुणी म्हणतच नाही. ती 'बॅटरी'. आणि आत घालतात ते 'सेल'. इंग्रजीतल्या 'फ्लॅशलाइट'चीही गंमतच आहे. १८९९मध्ये अमेरिकेत डेव्हिड मिसेलच्या नळकांडी दिव्याला पेटंट मिळालं, तेव्हाचे सेल इतके अशक्त होते की दिवा सलग लावताच यायचा नाही. बटण दाबायचं, क्षणभर लख्ख, की सोडून द्यायचं. म्हणून फ्लॅश! आपल्याकडे घराघरात पोहोचली ती एव्हरेडीची धातूची लांबलचक बॅटरी. आणि नंतर २००३मध्ये आला नोकिया ११००. डोक्यावर इवलासा एलईडी असलेला हा फोन जगभरात २५ कोटींच्या वर खपला. आपल्या खेड्यांत तो का चालला, हे वेगळं सांगायला नको.

आता गोंदियाचा अंधार. १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे धान, तलाव आणि जंगल. तिथली अर्धी कामं उजाडायच्या आधीची किंवा मावळल्यानंतरची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बायका पहाटे जंगलात जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी. शेतीच्या पंपांची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षं आलटून-पालटून मिळत आली, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. २०२३पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०मधून दिवसा वीज द्यायचं काम सुरू झालंय. पण जिथे पाळी रात्रीची, तिथे उन्हाळी धानाला पाणी द्यायला माणूस रात्री एकला उठून बांधावर जातोच. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. ती रात्रभर चालतात, आणि पहाटे प्रेक्षक पायवाटेने गावाला परततात. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. लांबलांबून आलेले गोंड भाविक ज्या गुहेत जातात, तिथे आत भरदिवसाही उजेड सोबत न्यावा लागतो.

आणि सगळ्यात सीरियस भाग म्हणजे साप. २०२०मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे नेमकी रोवणीची, चिखलाची, गवत वाढायची वेळ! मण्यार तर रात्रीच फिरते. निळसर काळं अंग, त्यावर बारीक पांढरे पट्टे, आणि दंश इतका हलका की कित्येकदा झोपेत कळतही नाही. चावलीच तर मांत्रिक वगैरे भानगडीत न पडता थेट सरकारी दवाखाना. पण आधी ती दिसायला हवी ना!

इथे फोनचा टॉर्च मार खातो. त्याचा उजेड चहूकडे पसरतो, चार-पाच पावलांच्या पुढे काही नीट दिसत नाही. पाऊस असेल तर फोन खिशातच ठेवावा लागतो. शिवाय रात्री बांधावर काही झालंच, तर मदतीला फोन लावायचा तोच, आणि चिखलात पडायचाही तोच. एकाच वस्तूवर दोन्ही जबाबदाऱ्या टाकू नयेत, एवढा साधा फंडा आहे.

मग दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला बसलात, की पहिला फटका लुमेनचा बसतो. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. बोटाएवढा टॉर्च आणि वर छापलंय '५०,००० लुमेन'. सरळ पुढे जा! बरं, चांगल्या कंपन्यांचे आकडेही जरा समजून घ्यावे लागतात. अमेरिकेत २००९मध्ये टॉर्चसाठी 'एएनएसआय एफएल-१' नावाचं मोजमापाचं स्टँडर्ड आलं, ते बऱ्याच चांगल्या खोक्यांवर दिसतं. त्यात उजेड मोजतात टॉर्च सुरू केल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान. आणि 'रनटाइम' मोजतात उजेड मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे खोक्यावर '१००० लुमेन, ३ तास' लिहिलंय म्हणून तीन तास हजार लुमेन मिळतील असं समजू नका. खिशातला टॉर्च एवढासा असतो, त्याला उष्णता बाहेर टाकायला अंगच नसतं. त्यामुळे मिनिट-दोन मिनिटांत तो स्वतःहून उजेड कमी करतो. तो बिघाड नसतो, पण जाहिरातीत हे कुणी ठळक छापत नाही.

मग किती लुमेन हवेत? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. खोलीत कुणाची झोप न मोडता पाण्याचा तांब्या शोधायला दोन-तीन पुरतात. पायवाटेने चालायला ३० ते ५०. मोकळ्या शेतात, अंगणाच्या पलीकडे बघायला दीडशे-तीनशे. पाचशेच्या वरचा उजेड शोधाशोधीसाठी, तोही थोडा वेळ. माझे एक मामाजी तिकडे धानाची शेती करतात. त्यांच्यापुढे मी कॅटलॉगमधले आकडे वाचायला लागले, तर ते म्हणाले, "लय दूरचा उजेड का कराचा? बांधीतून घरी येईपर्यंत टिकला पाह्यजे." कुठल्याही रिव्ह्यूत इतका नेमका निकष मला सापडलेला नाही.

लुमेनच्या शेजारी खोक्यावर 'कँडेला' असतं, त्याकडे कुणी बघत नाही. उजेड एका दिशेने किती एकवटलाय, ते हे सांगतं. हिशेब सोपा आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, झाले मीटर. २,५०० कँडेला म्हणजे १०० मीटर, १०,००० म्हणजे २०० मीटर. पण या शेवटच्या टोकाला पोहोचणारा उजेड किती, तर पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेव्हा कामासाठी निम्मंच अंतर धरा. पायाखालचं बघायचं असेल तर पसरट झोत घ्या, दूरचं बघायचं असेल तर एकवटलेला. दोन्ही एकात हवं म्हणून पुढचं काचेचं तोंड सरकवायचे 'झूम' टॉर्च खूप विकले जातात. बाजारातल्या बहुतेक स्वस्त झूम टॉर्चमध्ये त्याच सरकत्या सांध्यातून पाणी आत जातं. मी तरी सुचवणार नाही.

सापासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बिबट्याचे, हरणाचे डोळे टॉर्चच्या उजेडात चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत मागे एक परावर्तक थर असतो. सापाच्या डोळ्यांत तो नसतो. साप ओळखायचा तो रंगावरून आणि आकारावरून. निळ्याशार झाकीच्या स्वस्त एलईडीत काळी माती, वाळलेलं पान आणि मण्यार सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. म्हणून खोक्यावर 'सीआरआय' शोधा. रंग किती खरे दिसतात त्याचा हा १००पैकी आकडा, ९०च्या वर असेल तर झक्कास. आणि टॉर्च धरायचा कमरेपाशी. तिथून तिरपा उजेड पडला की खड्ड्याला, दगडाला, सापाला सावली पडते आणि ते उठून दिसतात. कपाळावरच्या हेडलॅम्पने ही सावली आपल्या नजरेआड जाते. अर्थात खांबावर चढलेल्या वायरमनला दोन्ही हात मोकळे हवेत, तिथे हेडलॅम्पला पर्याय नाही.

ड्यूटीचं गणित जरा वेगळं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३मध्ये झाला, तो गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलाय. तिथल्या वनरक्षकाला रात्रीच्या गस्तीत लांबचा झोतही लागतो आणि अगदी मंद उजेडही. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका झगझगीत झोताने ती कमाई क्षणात जाते. त्यामुळे टॉर्च सुरू होताना सगळ्यात मंद उजेडावर सुरू व्हावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरलाही तेच हवं. पेशंटच्या बाहुल्या तपासायला पाचशे लुमेन डोळ्यांत मारणं म्हणजे छळ आहे. पोलीस आणि सिक्युरिटीवाल्यांना मात्र उलट, एका दाबात पूर्ण उजेड. त्यामुळे विकत घेण्याआधी बटण किती वेळा दाबल्यावर काय होतं, ते बघाच. मंद उजेडावरून जोराच्या उजेडावर जाताना मध्येच डिस्को लाइटसारखी फडफड आली, तर तो टॉर्च शोकेसमध्येच छान दिसतो.

गोंदिया हे मोठं जंक्शन, म्हणून एक रेल्वेची टीप. स्टाफकडे लाल-हिरव्या-पांढऱ्या उजेडाचे तिरंगी एलईडी टॉर्च असतात. पण रेल्वेच्या नियमांत पांढरा दिवाही आडवा जोरजोरात हलवला, तर त्याचा अर्थ 'थांबा' असाच होतो. तेव्हा रुळांच्या आसपास मित्राला हाक म्हणून टॉर्च हलवायचा नाही. आणि जंगलात गेल्यावर जनावर शोधायला झोत मारायचा नाही, हे तर सांगायलाच नको.

आता सेल. इथे शहरातलं आणि तिकडचं उत्तर सरळ वेगळं आहे. टॉर्चच्या शौकिनांचा लाडका सेल म्हणजे १८६५०, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब लिथियम-आयन. ताकद भरपूर, यूएसबी-सीने चार्ज होतो. तुम्ही पुण्यात असाल तर हाच घ्या. फक्त त्यावर '९९०० एमएएच' लिहिलं असेल तर हसून परत ठेवा, चांगला १८६५० साधारण साडेतीन हजाराच्या आसपास असतो. पण देवरीच्या किंवा अर्जुनी-मोरगावच्या किराणा दुकानात हा सेल कुठे मिळणार? तिथे मिळतो पेन्सिल सेल. म्हणून गावाकडे द्यायचा टॉर्च पेन्सिल सेलवर चालणारा हवा, किंवा पेन्सिल सेल आणि तेवढ्याच आकाराचा १४५०० लिथियम सेल असे दोन्ही घेणारा. दोन्ही चालतील असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. १४५०० हा ३.७ व्होल्टचा आणि साधा सेल दीडचा. भलत्या टॉर्चमध्ये घातला तर एलईडी जळून जायचा. सगळ्यात बिनडोकेदुखीचं म्हणजे रिचार्ज होणारे चांगले निकेल मेटल हायड्राइड पेन्सिल सेल आणि त्यांचा चार्जर. साधे अल्कलाइन सेल महिनोन्महिने आत विसरले की गळतात आणि टॉर्च खाऊन टाकतात. पूर्वीचे भिंतीच्या सॉकेटला लावायचे चार्जिंगचे टॉर्च आठवतात? आतली शिशाची बॅटरी दोन महिने चार्ज न करता पडली की संपलंच.

पाण्याबद्दल थोडक्यात. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. रोवणीच्या बांधीत पडायची शक्यता धरून ७ किंवा ८च घ्या. आणि लिथियमचा टॉर्च खिशात चुकून सुरू झाला तर चटका बसेल इतका तापू शकतो. मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवलं, की बहुतेक टॉर्च सुरू होत नाहीत. मे महिन्यात गोंदियाचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा तो बाइकच्या डिकीत विसरू नका.

बजेट? हजार-दीड हजारापासून तीन हजारापर्यंत सरळसाधा चांगला टॉर्च मिळतो, म्हणजे विकेंडच्या एका पार्टीपेक्षा स्वस्तच. दिवाळीला घरी जाताना बाबांसाठी शर्ट नेण्यापेक्षा हा न्या. पण नुसता हातात ठेवून येऊ नका. घरी पोहोचलात की त्यांच्यासोबत रात्री अंगणात उभे राहा, एका दाबात काय होतं, दोन दाबात काय, ते त्यांच्याच हाताने करून घ्या. पाच मोड असतील तर दोनच शिकवा. मनगटात अडकवायची दोरी त्यांच्यासमोर बांधा, चार्जर कुठल्या सॉकेटला लावायचा ते आईला दाखवा. आणि नागपूरपर्यंत विमानाने जाणार असाल, तर सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत टाकू नका, ते सोबतच्या केबिन बॅगेत ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून.